एका गुंठ्यापासून पृथ्वीपर्यंत : उपग्रहाच्या आकड्यांतून जमीन आणि पिकांचा माहितीसंच कसा बांधायचा

नोव्हेंबरात सोलापूरहून मंगळवेढ्याकडे निघालात की दोन्ही बाजूंना रब्बी ज्वारी लागते. काळी भारी जमीन, आणि पीक उभं ते परतीच्या पावसाच्या ओलीवर. त्याच आठवड्यात पंढरपूर-माळशिरसच्या बाजूला कालव्याच्या पाण्यावरचा ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि सांगोल्यात डाळिंबाच्या बागा पाणी तोडून ताणावर सोडलेल्या असतात. एकाच जिल्ह्यात तीन पिकं आणि तिघांचं वेळापत्रक वेगळं. उपग्रहाला मात्र तिन्ही ठिकाणी फक्त आकडे दिसतात. त्या आकड्यांपासून जगभराचा, वर्षानुवर्षांचा, भरवशाचा संच कसा उभा करायचा ते मी इथे पायरीपायरीने सांगते. सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करू, कारण आकडा खरा की खोटा हे चालत जाऊन बघता येईल अशी जागा हीच आहे.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. उपग्रहाच्या आकड्यांत दिसणारे बरेचसे चढउतार पिकाचे नसतातच. ते ढगाचे असतात, धुळीचे असतात, सूर्याच्या कोनाचे असतात, जुन्या होत चाललेल्या सेन्सरचे असतात. हे परके चढउतार काढून टाकायचे, आणि काढताना पिकाचा खरा चढउतार पुसायचा नाही, एवढंच सगळं काम आहे. त्यातला दुसरा भाग जास्त अवघड.

आकडा नेमका कशाचा

हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं, कारण हरितद्रव्याला तो लागतो. डोळ्याला न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या आतल्या पेशींवर आदळून मोठ्या प्रमाणात परत फिरतो. म्हणून अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. हाच एनडीव्हीआय. मोकळी काळी जमीन साधारण ०.१ ते ०.२ दाखवते, भरात आलेली ज्वारी ०.६ च्या आसपास जाते, दाट ऊस ०.८ च्या पुढे, आणि पाणी बहुधा शून्याच्या खाली. ऊस दाटला की हा निर्देशांक वरच्या टोकाला अडकतो. पीक आणखी वाढलं तरी आकडा फारसा हलत नाही. तिथे निळ्या बँडचाही, म्हणजे निळ्या प्रकाशाच्या पट्ट्याचाही, उपयोग करणारा ईव्हीआय हा निर्देशांक बरा चालतो. उलट पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्यात, ओळींमधून काळी माती दिसत असते तेव्हा, मातीचा रंग आकड्यात घुसतो. पाऊस पडून माती आणखी काळी झाली की पीक न वाढताही आकडा बदलतो. त्या काळासाठी मातीचा परिणाम कमी करणारा एसएव्हीआय सोबत काढून ठेवा.

महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळात होरपळत होता, त्याच वर्षी २३ जुलैला लँडसॅट-१ आकाशात गेला. पण त्या मालिकेतले उपग्रह एका जागेवर फार दिवसांनी परत येतात. साऱ्या जगाची रोजची नोंद सुरू झाली १९८१ पासून, नोआ-७ या हवामान उपग्रहावरच्या एव्हीएचआरआर यंत्रातून. ते यंत्र ढग आणि समुद्राचं तापमान बघायला बनवलेलं होतं. नासाच्या गोडार्ड केंद्रात कॉम्प्टन टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नोंदींतून ८ किलोमीटरचा, पंधरवड्याचा जागतिक एनडीव्हीआय संच बांधला. पिकांसाठी न केलेल्या यंत्राकडून पिकांची माहिती काढताना त्यांना जे प्रश्न आले, तेच आजही आपल्या वाट्याला येतात.

पायरी १ : प्रश्न ठरवा, मग चौकोन

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा एक चौकोन, म्हणजे पिक्सेल, १० मीटरचा. म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ एक गुंठा. लँडसॅटचा ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठे. नासाच्या टेरा उपग्रहावरच्या मोडिस यंत्राचा २५० मीटरचा म्हणतात, प्रत्यक्षात तो २३२ मीटरचा आहे, म्हणजे सव्वातेरा एकर. एव्हीएचआरआरच्या जुन्या संचातला एक चौकोन ६४ चौरस किलोमीटरचा. आपला जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटर, म्हणजे त्या संचात सगळा सोलापूर जेमतेम २३३ आकड्यांत बसतो.

गुंठ्याचा चौकोन बघून सगळ्यांना तोच हवासा वाटतो. पण पृथ्वीवरची जमीन सुमारे १४.९ कोटी चौरस किलोमीटर आहे. १० मीटरने तिचे जवळपास दीड लाख कोटी चौकोन होतात, आणि ते एका तारखेचे. जगभराचा दुष्काळ बघायचा असेल, तर मोडिस पुरतो. बांधाबांधाचं पीक वेगळं करायचं असेल, तर सेंटिनेल घ्या, पण एकाच तालुक्यापुरता. चाळीस वर्षांचा कल हवा असेल, तर एव्हीएचआरआरला पर्याय नाही. माझा सल्ला विचाराल तर मोडिसचा १६ दिवसांचा एमओडी१३क्यू१ संच पाया धरा आणि सेंटिनेल तपासणीसाठी ठेवा.

साधनं साधीच लागतात : क्यूजीआयएस, पायथन, आणि मोठं काम गुगल अर्थ इंजिनवर. नासाच्या अर्थडेटावर आणि कोपर्निकस डेटा स्पेसवर खातं उघडलं की नोंदी फुकट मिळतात. लँडसॅट २००८ पासून सगळ्यांना मोफत आहे. भारतीय रिसोर्ससॅट उपग्रहावरच्या ५६ मीटरच्या एविफ्स कॅमेऱ्याच्या नोंदी हैदराबादच्या एनआरएससीकडे, भूनिधी या संकेतस्थळावर बघा. रुंद पट्टा आणि पाच दिवसांची फेरी यामुळे आपल्याकडच्या पिकांना तो चांगला लागू पडतो.

पायरी २ : पृथ्वी कशी कापायची

मोडिसने पृथ्वीचे समक्षेत्र प्रक्षेपात १० अंशांचे तुकडे पाडले आहेत. आपला तुकडा हाताने काढून बघा. सोलापूरचा रेखांश ७५.९, अक्षांश १७.७. रेखांशाला अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे ०.९५३ ने गुणा : ७२.३. त्यात १८० मिळवून १० ने भागा : २५.२, म्हणजे आडवा क्रमांक २५. आता ९० मधून १७.७ वजा करा, १० ने भागा : ७.२, म्हणजे उभा क्रमांक ७. आपला तुकडा एच२५व्ही०७. त्यात ४,८०० गुणिले ४,८०० चौकोन आहेत.

समक्षेत्र प्रक्षेपाचा फायदा हा की प्रत्येक चौकोन तेवढीच जमीन झाकतो. अक्षांश-रेखांशाच्या जाळीत ६० अंशांवरचा चौकोन विषुववृत्तावरच्या निम्मा असतो. तशा जाळीतून जागतिक सरासरी काढताना अक्षांशाच्या कोसाइनचं वजन द्यायला विसरलात, तर सैबेरियाचं म्हणणं उगाच दुप्पट ऐकू येतं.

लहान चौकोनातून मोठा करताना एक चूक फार जण करतात. समजा, मोठ्या चौकोनाचा अर्धा भाग ऊस आहे : अवरक्त ०.४०, लाल ०.०४. अर्धा मोकळी काळी जमीन : अवरक्त ०.१२, लाल ०.०९. दोघांचे एनडीव्हीआय ०.८२ आणि ०.१४, सरासरी ०.४८. पण आधी अवरक्त आणि लाल यांची सरासरी काढली, ०.२६ आणि ०.०६५, तर एनडीव्हीआय येतो ०.६०. मोठ्या चौकोनाचा सेन्सर ०.६० च बघणार. म्हणून आधी परावर्तन एकत्र करा, निर्देशांक मागाहून काढा. ढगांच्या खुणा असलेल्या थरांची मात्र कधीही सरासरी करू नका. "ढग" आणि "पाणी" यांच्या मधला आकडा म्हणजे तिसरंच काहीतरी.

पायरी ३ : कच्च्या आकड्याचं परावर्तन

उपग्रहाकडून येतात ते पूर्णांक. त्यांचं जमिनीवरच्या परावर्तनात रूपांतर करावं लागतं, आणि प्रत्येक संचाचा नियम निराळा. लँडसॅटच्या कलेक्शन २ मध्ये ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा करायचे. सेंटिनेल-२ मध्ये १०,००० ने भागायचं. पण २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रिया बदलली, आणि तेव्हापासूनच्या नोंदींत भागायच्या आधी १,००० वजा करावे लागतात.

ही चूक माझ्याच हातून झाली आहे. २०२२ च्या जानेवारीअखेर माझ्या नकाशात जिल्हाभर हिरवेपणा कोसळला आणि मी दोन दिवस ज्वारीवर कोणता रोग पडला ते शोधत बसले. हिशोब करून बघा : अवरक्त ४,१०० आणि लाल १,६०० असे कच्चे आकडे थेट वापरले तर एनडीव्हीआय ०.४४ येतो. १,००० वजा करून ३,१०० आणि ६०० घेतले तर ०.६८. शेत तेच, दिवस तोच. माझ्या लक्षात आलं ते मंगळवेढ्याची ज्वारी, पंढरपूरचा ऊस आणि नान्नजच्या माळरानाचं गवत एकाच तारखेला सारखंच घसरलेलं दिसलं तेव्हा. तीन निराळी पिकं कधी एका दिवशी सुकत नाहीत. सगळीकडे एकाच दिवशी बदल दिसला, तर आधी यंत्राकडे आणि हिशोबाकडे बघायचं, शेताकडे नंतर. अर्थ इंजिनवर काम करत असाल तर सेंटिनेलचा "हार्मोनाइझ्ड" नावाचा संग्रह घ्या, त्यात ही दुरुस्ती केलेली असते.

पायरी ४ : ढग काढणं

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पाऊस थोडा आणि ढग फार. ढगावर एनडीव्हीआय शून्याजवळ येतो, सावलीत तो कसाही वागतो. सेंटिनेलच्या वर्गीकरण थरात ३ म्हणजे ढगाची सावली, ८ आणि ९ म्हणजे ढग, १० म्हणजे विरळ उंच ढग. हे चारही काढा. मोडिसच्या विश्वासार्हता थरात ० चांगला, १ काठावरचा, २ बर्फ, ३ ढगाळ. काढलेल्या ढगाची कड दोन-तीनशे मीटर आणखी वाढवून कापा, कारण ढगाच्या काठाचा पातळ धूसर भाग खुणेतून सुटतो आणि पीक सुकल्याचा भास निर्माण करतो.

उलटी चूकही होते. औद्योगिक वसाहतीतले चकाकते पत्रे वर्षभर "ढग" म्हणून नोंदवले जातात. मार्च-एप्रिलच्या निरभ्र दिवसांतही जिथे कायम ढगाची खूण दिसते, त्या जागांची वेगळी यादी करून ठेवा.

ढगाच्या पलीकडचं बघायचं असेल तर रडार. सेंटिनेल-१ ढगातून पार बघतो, आणि ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो-नासाचा निसारही. पण रडारला पानांचा हिरवेपणा दिसत नाही. त्याला दिसते ती पिकाची रचना आणि ओल. एनडीव्हीआयच्या रिकाम्या जागी रडारचा आकडा बसवू नका, शेजारी निराळा थर म्हणून ठेवा.

पायरी ५ : पंधरवड्याचं एक चित्र

सोळा दिवसांतल्या नोंदींपैकी सर्वांत मोठा एनडीव्हीआय घ्यायचा, ही जुनी आणि अजूनही उपयोगी रीत. ढग, धूळ, धूसरपणा हे सगळे साधारणपणे आकडा खाली ओढतात, म्हणून सर्वांत वरचा आकडा बहुधा सर्वांत स्वच्छ दिवसाचा. पण उपग्रहाने तिरकं बघितलेला दिवसही यात कधी कधी जिंकतो, म्हणून सरळ वरून बघितलेल्या नोंदींना झुकतं माप द्या.

आकड्याबरोबर दोन थर सक्तीने साठवा : तो कोणत्या तारखेचा, आणि त्या पंधरवड्यात स्वच्छ नोंदी किती मिळाल्या. तारीख नसेल तर लागोपाठच्या दोन चित्रांमधलं अंतर एका दिवसाचंही असू शकतं आणि एकतीस दिवसांचंही. ज्वारीची पेरणी सप्टेंबरअखेर झाली की ऑक्टोबरच्या मध्याला, हे सांगायचं असेल तर एवढी चूक चालणार नाही.

पायरी ६ : एका उपग्रहाला दुसरा जोडणं

मला संपूर्ण कामातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी वाटते, आणि नेमकी हीच वगळली जाते. एव्हीएचआरआरच्या दृश्य बँडांना अंतराळात स्वतःला तपासून घ्यायची सोयच नव्हती. म्हणून लिबियाच्या वाळवंटाचा आधार घेतला गेला : तिथे झाडोरा नाही, म्हणजे वाळूचं परावर्तन वर्षानुवर्षं तेच राहायला हवं. ते बदललेलं दिसलं तर बदल यंत्रात आहे. शिवाय नोआचे उपग्रह दुपारी डोक्यावरून जातील अशा कक्षेत सोडले जात आणि वर्षं जातील तसे उशिरा, उतरत्या उन्हात येऊ लागत. कललेल्या उन्हामुळे आकडा सरकायचा. १९८२ मध्ये मेक्सिकोतला एल चिचोन आणि १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो हे ज्वालामुखी फुटले, त्यांचा धुरळा वातावरणाच्या वरच्या थरात बराच काळ राहिला आणि जगभर एनडीव्हीआय खाली दिसला. १९९४ च्या सप्टेंबरात नोआ-११ वरचं यंत्र बंद पडलं आणि नोआ-१४ येईपर्यंत मालिकेत खंड पडला. त्यात एव्हीएचआरआरचा अवरक्त बँड इतका रुंद की हवेतली वाफसुद्धा त्यात मोजली जाते. म्हणजे दमट पावसाळ्यात पीक जोमात असूनही आकडा थोडा दबलेला.

हे जुनं दुखणं म्हणून सोडू नका. १९९९ च्या डिसेंबरात गेलेल्या टेराची कक्षाही २०२० नंतर सरकते आहे. मोडिसची मालिका पुढे चालवायला आता सुओमी एनपीपी आणि त्यापुढच्या उपग्रहांवरचं व्हीआयआयआरएस हे यंत्र घ्यावं लागतं. जोडताना दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू होती ती वर्षं घ्या, २०१२ पासून भरपूर आहेत. गवत, कोरडवाहू, बागायत, जंगल अशा प्रत्येक प्रकारासाठी दोघांमधला संबंध वेगळा काढा. सगळ्यांना एकच सूत्र लावलं तर सरासरी जुळते आणि ऊस चुकतो.

पायरी ७ : रिकाम्या जागा आणि गुळगुळीत रेघ

ढगांनी पाडलेल्या भोकांमुळे रेघ करवतीसारखी दिसते. ती सरळ करायला सावित्स्की-गोले किंवा व्हिटेकरची रीत वापरतात. विश्वासार्हता ० असेल तर वजन पूर्ण, १ असेल तर अर्धं, २ आणि ३ ला शून्य. लागोपाठ दोन पंधरवड्यांपेक्षा मोठं भोक भरू नका, रिकामं ठेवा. भरलेल्या प्रत्येक आकड्यावर "भरलेला" अशी खूण हवी.

आता धोका बघा. या बहुतेक रीती मानतात की खाली गेलेला आकडा म्हणजे ढग, आणि रेघ वरच्या टोकांवरून ओढतात. उसाची तोड झाली की एकरच्या एकर एका आठवड्यात ०.७ वरून ०.२ वर येतं. गुळगुळीत करणारी रीत त्याला ढग समजते आणि तोडून नेलेला ऊस नकाशात आणखी महिनाभर उभा ठेवते.

डाळिंबाचं तर मला शेतावर जाऊनच कळलं. सांगोला तालुक्यातल्या एका बागेत डिसेंबर-जानेवारीत आकडा झपकन खाली गेला होता. विश्वासार्हता ०, ढगाचा पत्ता नाही. तेलकट डाग हा रोग असेल असं धरून मी गेले. बागेतल्या काकांना विचारलं, "काका, जानेवारीत बागेला काय झालं होतं?"

"काय न्हाय झालं ताई. आंबे बहार धरलाय. ताणावर सोडली हुती, मग पानगळ केली. पानं पाडल्याबिगर फुलं कशी येत्याल?"

रोग नव्हता, तो बहार होता. तेव्हापासून माझा नियम असा : खाली आलेला आकडा विश्वासार्ह असेल आणि पुढचाही खालीच असेल, तर तो खरा माना आणि रेघ तिथे तोडून दोन तुकड्यांत गुळगुळीत करा. ढग पुढच्या पंधरवड्यात निघून जातो. तोडलेल्या उसाचा खोडवा हिरवा व्हायला आणि पानगळ झालेली बाग भरायला त्याहून जास्त वेळ लागतो.

पायरी ८ : चांगलं वर्ष की वाईट

त्या जागेचा, त्या पंधरवड्याचा आजवरचा किमान आणि कमाल आकडा काढा. यंदाचा ०.३२, किमान ०.२१, कमाल ०.४३ असेल तर ०.११ भागिले ०.२२ गुणिले १००, म्हणजे ५०. हा व्हीसीआय : ० म्हणजे आजवरचं सर्वांत वाईट, १०० म्हणजे सर्वांत चांगलं. आपल्याकडे एक खबरदारी घ्या. उजनीचं पाणी पोचल्यावर जिथे ज्वारीच्या जागी ऊस आला, तिथे जुन्या ज्वारीच्या कमाल-किमानावर आजचा ऊस मोजला तर दुष्काळातही शंभर टक्के दिसेल. म्हणून जिरायत आणि बागायत यांचे आधारअंक वेगळे काढा, आणि कोणती जमीन कशात ते काही वर्षांनी पुन्हा तपासा.

पायरी ९ : बांधावर जाणं

तपासणीच्या जागा संगणकाकडून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या काढा, प्रत्येक जमीनप्रकारातून ठरावीक. नाहीतर सगळ्या नोंदी डांबरी रस्त्यालगतच्या होतात, आणि रस्त्यालगतची शेतं बऱ्याचदा पाण्याचीच असतात. सेंटिनेलसाठी किमान ३० गुणिले ३० मीटरचा एकसारखा तुकडा निवडा आणि बांधापासून आत, मध्यावर उभं राहून नोंद घ्या. मोबाइलचं जीपीएस काही मीटर चुकतंच. चारही दिशांचे फोटो, पीक, पेरणीची तारीख, पाणी कशाचं, जमीन काळी की मुरमाड, एवढं लिहा. तारीख शेतकऱ्याला विचारा, पण "अमुक नक्षत्रात पेरलं" असं उत्तर आलं तर तेही तसंच लिहून घ्या. नक्षत्रावरून तारखेचा अंदाज बसतो, आणि आठवणीतल्या तारखेपेक्षा तो बरेचदा पक्का असतो.

पायरी १० : बांधणी, आणि मग जग

आकडे दशांशात साठवू नका. १०,००० ने गुणून दोन बाइटचा पूर्णांक करा, रिकाम्या जागेला −३,००० द्या. एका तुकड्याचा एक थर ४६ एमबी, वर्षाचे २३ थर, म्हणजे दाबण्याआधी एक जीबीच्या थोडं वर. जमीन असलेले तुकडे तीनशेच्या आसपास आहेत, त्यावरून डिस्कचा हिशोब करा. फाइलच्या नावात तुकडा, तारीख आणि आवृत्ती हवी. कोणती दुरुस्ती कोणत्या क्रमाने केली ते फाइलच्या आतच लिहा, वेगळ्या कागदावर लिहिलेलं हरवतं.

एच२५व्ही०७ मनासारखा झाला की लगेच तीनशे तुकडे चालवायला घेऊ नका. आधी आणखी तीन घ्या : सहारातला एक, ॲमेझॉनच्या जंगलातला एक, सैबेरियातला एक. ॲमेझॉनमध्ये तुमची ढगांची पायरी आणि वरच्या टोकाला अडकणारा निर्देशांक उघडे पडतील. सैबेरियात बर्फ आणि हिवाळ्यातलं नसलेलं ऊन. सहारात तर काहीच व्हायला नको. तिथल्या वाळूत वीस वर्षांत हिरवेपणा वाढत किंवा घटत गेलेला दिसला, तर सहाव्या पायरीवर परत जा, आणि ती रेघ सपाट होईपर्यंत बाकीचे तुकडे थांबवून ठेवा.